संग्रहालयातील चित्रे भिंतीवरून का उतरवली जातात?
राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील स्थायी दालने, नवी प्रदर्शने आणि त्यांमागील शास्त्र

नवी दिल्लीत इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. एखाद्या रसिकाने येथे एक चित्र पाहावे, ते मनात घर करून राहावे आणि काही वर्षांनी केवळ त्या चित्रासाठी तो पुन्हा दिल्लीला यावा, तर ते चित्र त्या जागी असेलच असे नाही. तेथे दुसरेच चित्र लावलेले असते किंवा संपूर्ण दालनच नव्या प्रदर्शनासाठी रिकामे केलेले असते. दूरच्या गावाहून आलेल्या प्रेक्षकाची निराशा होणे स्वाभाविक आहे. हा संग्रह सार्वजनिक निधीतून आणि अनेकांच्या देणग्यांतून उभा राहिला आहे. मग तो सर्व काळ सर्वांसमोर का नसतो, असा प्रश्न त्याला पडतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना जागेच्या टंचाईत दिसते. संग्रहालयाकडे १७,००० हून अधिक कलाकृती आहेत आणि त्या सर्व एकाच वेळी मांडता येतील एवढ्या भिंती जगातील कोणत्याही कलासंग्रहालयाकडे नसतात, हे खरेच आहे. तथापि जागा हे यामागचे एकमेव कारण नाही. जागा मुबलक असती, तरीही अनेक चित्रे काही काळाने खाली उतरवावीच लागली असती, कारण पाहण्यासाठी आवश्यक असलेला प्रकाशच चित्राचे आयुष्य कमी करत असतो.

निवासस्थानाचे संग्रहालय झाले

जयपूर हाऊस ही वास्तू १९३६ मध्ये जयपूरच्या महाराजांचे दिल्लीतील निवासस्थान म्हणून उभारण्यात आली. वास्तुरचनाकार ब्लोमफिल्ड यांनी तिचा आराखडा तयार केला. मध्यभागी घुमट आणि दोन्ही बाजूंना पसरलेले भाग, असा हा आराखडा वरून पाहिल्यास फुलपाखरासारखा दिसतो. स्वातंत्र्यानंतर या वास्तूत आधुनिक भारतीय कलेचे राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते २९ मार्च १९५४ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू या प्रसंगी उपस्थित होते. जर्मन कलेतिहासकार हर्मन गोएट्झ हे या संग्रहालयाचे पहिले प्रमुख होत. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी स्थापन केलेल्या बडोद्याच्या संग्रहालयाची धुरा त्यांनी त्यापूर्वी सांभाळली होती.

प्रारंभीच्या संग्रहाचा गाभा अमृता शेरगिल यांच्या चित्रांचा होता. त्यांचे पती आणि वडील यांच्याकडून आलेल्या चित्रांमुळे या चित्रकर्तीचा सर्वांत मोठा सार्वजनिक संग्रह येथे निर्माण झाला. पुढे राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, रामकिंकर बैज यांच्यापासून मुंबईत १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील चित्रकारांपर्यंत आणि त्यानंतरच्या समकालीन कलावंतांपर्यंत हा संग्रह विस्तारत गेला. २००९ मध्ये नवी इमारत खुली झाल्यावर प्रदर्शनासाठीची जागा पूर्वीच्या कित्येक पटींनी वाढली. संग्रहालयाची मुंबईतील शाखा १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झाली आणि बंगळूरची शाखा २००९ मध्ये माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये.

दोन प्रकारची प्रदर्शने

कलासंग्रहालयातील मांडणी स्थूलमानाने दोन प्रकारची असते. संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहातून निवडलेल्या आणि दीर्घकाळ चालू राहणाऱ्या मांडणीस स्थायी दालन म्हणतात. एखादा विषय, कलावंत किंवा निमित्त घेऊन ठरावीक मुदतीसाठी भरवले जाते ते तात्पुरते प्रदर्शन. त्यासाठी अन्य संस्थांकडून किंवा खासगी संग्राहकांकडूनही कलाकृती मागवल्या जातात.

यांतील ‘स्थायी’ हा शब्द काहीसा फसवा आहे. कायम राहते ती दालनाची कल्पना. आधुनिक भारतीय कलेची वाटचाल कंपनी शैली, कालीघाटची पटचित्रे, रविवर्मांची तैलचित्रे, बंगाल शैली, शांतिनिकेतन, शेरगिल आणि त्यानंतरचा काळ अशा क्रमाने सांगावयाची, हा आराखडा वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. त्यातील प्रत्येक टप्प्याचे प्रतिनिधित्व करणारी चित्रे मात्र बदलत राहतात. कोणत्या कलाकृतीला किती काळ भिंतीवर राहता येईल, हे बहुतांशी तिच्या माध्यमावर ठरते. कॅनव्हासवरील तैलचित्रे तुलनेने सोशिक असल्याने ती दीर्घकाळ टिकून राहिलेली दिसतात. पाषाणाच्या व धातूच्या शिल्पांना प्रकाशाचा त्रास जवळजवळ नसतो. देवीप्रसाद रॉय चौधरी यांचे ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प या संग्रहालयाच्या आवारात मोकळ्या आकाशाखाली उभे आहे, तर त्याच शिल्पाची चेन्नईतील प्रतिकृती मरिना किनाऱ्यावर समुद्राचा वारा सोसत आहे. कागदावरील चित्रांना असे स्वातंत्र्य नसते.

हरिपुराची चित्रे : मंडपासाठी जन्मलेली, कपाटात जपलेली

हा फरक समजून घेण्यासाठी नंदलाल बोस यांच्या हरिपुरा चित्रमालिकेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

काँग्रेसची अधिवेशने शहरांऐवजी खेड्यांत भरवावीत, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. त्यानुसार पहिले ग्रामीण अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली झाले. तेथील अधिवेशननगरीच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना पाचारण केले होते. बांबू आणि गावात मिळणारे साहित्य यांतून उभ्या राहिलेल्या त्या रचनेचे गांधीजींनी जाहीरपणे कौतुक केले. पुढील अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली गुजरातमधील बारडोलीजवळच्या हरिपुरा या गावी भरले आणि नंदलाल यांच्यावर पुन्हा तीच जबाबदारी आली.

या वेळी त्यांनी ग्रामीण भारताचे दैनंदिन जीवन रंगवण्याचे ठरवले. ढाक वाजवणारा ढाकी, वीणावादक, शिंपी, सुतार, शेतकरी, मूल कुशीत घेतलेली माता असे विषय त्यांनी घेतले. हातकागदावर, मातीच्या व खनिज रंगांत, जाड कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांनी ही चित्रे साकारली. पटचित्रांच्या लोकपरंपरेशी त्यांचे नाते स्पष्ट दिसते. नंदलाल यांची मूळ चित्रे आणि विद्यार्थ्यांनी व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रती मिळून सुमारे ४०० फलक तयार झाले. ते अधिवेशनाच्या प्रवेशद्वारांवर व मंडपांवर लावण्यात आले. येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याला तिकिटाविना, थबकून किंवा चालता चालता पाहता यावीत, एवढाच त्या चित्रांचा हेतू होता. ती चित्रे केवळ अधिवेशनाच्या दिवसांपुरती होती.

त्यातील जी चित्रे आज राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, त्यांची गणना देशाच्या अमूल्य ठेव्यात होते. उघड्यावर लावण्यासाठी केलेली ही चित्रे आता मंद प्रकाशात, काचेआड आणि मर्यादित काळासाठीच पाहावयास मिळतात. कारण त्यांचे माध्यम तेच आहे. हातकागद, पाण्यात कालवलेले रंग आणि त्यांना धरून ठेवणारे नैसर्गिक बंधकद्रव्य या तिन्ही गोष्टी प्रकाश, ओलावा व कीड यांना चटकन बळी पडतात. मंडपात काही दिवस लागलेल्या उन्हाची तेव्हा कोणी चिंता केली नाही. आज तसे करणे म्हणजे पुढील पिढ्यांच्या वाट्याचे चित्र खर्च करणे ठरेल.

प्रकाशाचा हिशेब

प्रकाशामुळे होणारी हानी इतर हानींपेक्षा वेगळी असते. फाटलेला कागद सांधता येतो, सुटलेला रंग चिकटवता येतो, चौकट बदलता येते. उडून गेलेला रंग मात्र कोणत्याही संवर्धकाला परत आणता येत नाही. शिवाय ही हानी साठत जाते. चित्र अंधारात ठेवल्याने झालेली हानी भरून येत नाही, केवळ तिची गती थांबते.

प्रकाशाची तीव्रता ‘लक्स’ या एककात मोजतात. भर दुपारी मोकळ्या जागेत ती एक लाख लक्सपर्यंत जाऊ शकते. कागदावरील जलरंगचित्रे, लघुचित्रे, छायाचित्रे व वस्त्रे यांच्यासाठी संग्रहालयांत सामान्यतः ५० लक्सची मर्यादा पाळली जाते, तर तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्सपर्यंत प्रकाश चालतो. म्हणूनच बाहेरच्या उजेडातून चित्रदालनात शिरल्यावर प्रारंभी अंधुक वाटते. डोळे सरावण्यास काही मिनिटे लागतात आणि त्यानंतर ५० लक्समध्येही रंग नीट दिसू लागतात. दालन काटकसरीने उजळले आहे, अशी तक्रार करणाऱ्या प्रेक्षकांना ही बाब बहुधा ठाऊक नसते.

केवळ तीव्रता कमी ठेवून भागत नाही, कालावधीही मोजावा लागतो. एखादे चित्र ५० लक्स प्रकाशात रोज आठ तास, वर्षातून ३०० दिवस ठेवले, तर वर्षाला १,२०,००० लक्स-तास इतका प्रकाश त्याच्यावर पडतो. तेच चित्र २०० लक्समध्ये ठेवले, तर हा आकडा ४,८०,००० वर जातो, म्हणजे चार वर्षांचे आयुष्य एका वर्षात खर्च होते. कमी तीव्रतेचा प्रकाश दीर्घकाळ आणि जास्त तीव्रतेचा प्रकाश अल्पकाळ यांचा परिणाम जवळपास सारखाच होतो. त्यामुळे संवर्धक चित्रावर पडणाऱ्या प्रकाशाचे अंदाजपत्रक मांडतात. काही महिने प्रदर्शन आणि त्यानंतर दीर्घ विश्रांती, असे चक्र त्यातून ठरते. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण अधिक घातक असल्याने खिडक्यांवर व दिव्यांवर त्यांना रोखणारी आवरणे बसवली जातात. चित्रासमोर झगझगीत छायादिवे वापरण्यास बंदी असते, तीही याच सावधगिरीचा भाग आहे.

पावसाळा, उन्हाळा आणि कसर

भारतीय हवामान ही दुसरी कसोटी आहे. दिल्लीतील कोरडा उन्हाळा आणि त्यापाठोपाठ येणारा दमट पावसाळा यांमुळे कागद, लाकूड व कॅनव्हास सतत आकुंचन-प्रसरण पावतात. त्यावरील रंगाचा थर त्याच प्रमाणात हलत नाही, म्हणून त्याला बारीक तडे जातात आणि कालांतराने त्याचे पापुद्रे सुटू लागतात. हवेतील आर्द्रता फार वाढली, तर कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात. कसर व वाळवी यांना कागद, खळ आणि लाकडी चौकट ही आयतीच मेजवानी असते.

यासाठी तापमान व आर्द्रता यांत अचानक चढउतार होऊ न देणे हे संग्रहालयाचे अहोरात्र चालणारे काम आहे. प्रेक्षक गेल्यानंतर वातानुकूलन बंद केले, तर दिवसभराची मेहनत रात्रीत वाया जाते. विश्रांतीसाठी उतरवलेली चित्रे आम्लरहित कागदात किंवा पुठ्ठ्यात, आडव्या खणांत ठेवली जातात. साध्या पुठ्ठ्यातील आम्ल हळूहळू चित्राच्या कागदात उतरते आणि तो पिवळा व ठिसूळ होतो, म्हणून ही दक्षता. चित्र खाली उतरल्यावरच त्याची बारकाईने तपासणी करता येते. मागची बाजू, कडा, जुन्या दुरुस्त्या यांची नोंद होते आणि गरज भासल्यास संग्रहालयाच्या संवर्धन विभागात त्यावर उपचार केले जातात. अशा रीतीने चित्राच्या अनुपस्थितीचा काळ त्याच्या शुश्रूषेचाही काळ असतो.

मांडणी बदलली की अर्थ बदलतो

दालने बदलण्यामागे आणखी एक कारण आहे. कोणते चित्र कोणाच्या शेजारी लावले आहे, यावर प्रेक्षकाला काय दिसेल हे अवलंबून असते.

अमृता शेरगिल यांचेच उदाहरण घेता येईल. पॅरिसमध्ये शिक्षण घेत असताना १९३२ मध्ये रंगवलेल्या ‘यंग गर्ल्स’ या चित्राने त्यांना तेथे मान्यता मिळवून दिली. भारतात परतल्यावर १९३५ मध्ये त्यांनी ‘तीन मुली’ हे चित्र रंगवले. या चित्रास १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. १९३६ च्या अखेरीस त्या मुंबईमार्गे अजिंठा व वेरूळ येथे गेल्या आणि पुढे दक्षिणेत प्रवास केला. त्या प्रवासानंतर १९३७ मध्ये ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दक्षिण भारतीय ग्रामस्थ’ ही त्यांची प्रसिद्ध चित्रत्रयी साकारली.

ही चित्रे कालक्रमाने लावली, तर एका चित्रकर्तीची वाटचाल दिसते. ‘ब्रह्मचारी’ हे चित्र अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींजवळ लावले, तर तांबूस-तपकिरी रंगांचे आणि शांत, स्थिर देहांचे आतले नाते उमगते. तेच चित्र त्याच काळातील नंदलाल यांच्या हरिपुरा चित्रांसमोर आणले, तर एकाच वर्षाच्या अंतराने दोन भिन्न पार्श्वभूमींच्या कलावंतांनी ग्रामीण माणसाकडे कसे पाहिले, हा निराळाच प्रश्न उभा राहतो. एक तैलरंगांत, सावकाश आणि गंभीरपणे पाहते. दुसरा झपाट्याने, लयीत, काहीशा प्रसन्नतेने पाहतो. चित्रे तीच राहतात, त्यांच्यातील संवाद बदलतो. नवे प्रदर्शन म्हणजे जुन्या संग्रहाला विचारलेला नवा प्रश्न, असे म्हणता येते ते याच अर्थाने.

यात निवड करणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. जे भिंतीवर लागते तेच राष्ट्रीय कलेचा इतिहास म्हणून लोकांच्या स्मरणात राहते. वर्षानुवर्षे कपाटात राहिलेला कलावंत जणू अस्तित्वातच नसतो. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचा उल्लेख होताच सूझा, रझा व हुसेन ही नावे तत्काळ आठवतात. त्याच गटाचे संस्थापक सदस्य असलेले शिल्पकार सदानंद बाक्रे, चित्रकार ह. अं. गाडे आणि के. एच. आरा यांची नावे त्या मानाने मागे पडली. दालनांची फेररचना अशा विस्मृतीवर उपाय ठरू शकते. त्याचबरोबर तात्पुरत्या प्रदर्शनांसाठी स्थायी दालने वारंवार किंवा फार काळ बंद राहिली, तर मूळ संग्रहच प्रेक्षकांपासून दुरावतो. नवे दाखवणे आणि आपले असलेले दाखवत राहणे यांतील तोल सांभाळणे हीच कोणत्याही सार्वजनिक कलासंग्रहालयाची कसोटी असते.

प्रवास आणि कायदा

काही चित्रे भिंतीवर नसतात, कारण ती प्रवासास गेलेली असतात. महात्मा गांधींच्या १५० व्या जयंतीच्या निमित्ताने २०१९ मध्ये व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, भारताच्या दालनात, हरिपुरा मालिकेतील चित्रे मांडण्यात आली होती. एका खेड्यातील मंडपासाठी रंगवलेल्या चित्रांचा हा प्रवास लक्षणीय होता.

असा प्रवास सोपा नसतो. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमान्वये राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ कलावंतांच्या कलाकृती राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित आहेत. त्यांची परदेशी कायमची विक्री करता येत नाही. प्रदर्शनासाठी पाठवण्यासही शासनाची अनुमती लागते. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर प्रत्येक चित्राच्या स्थितीचा अहवाल तयार होतो, विमा उतरवला जातो, विशेष पेट्या बनवल्या जातात. परदेशातील प्रदर्शनातही प्रकाशाचा हिशेब चालूच असतो. त्यामुळे परतलेले चित्र लगेच भिंतीवर न येता विश्रांतीस जाते.

आजचा प्रेक्षक आणि उद्याचा प्रेक्षक

एक प्रेक्षक आज दालनात उभा आहे. दुसरा अजून जन्मलाही नाही. दोघांचाही त्या चित्रावर सारखाच हक्क आहे. आजच्या प्रेक्षकाला सर्व काही, सर्व काळ दाखवले, तर उद्याच्या प्रेक्षकापुढे फिकट कागद उरतील. उद्यासाठी सर्व काही कुलूपबंद ठेवले, तर आजच्या पिढीला आपला वारसा केवळ ऐकून माहीत असेल. जे पाहिलेच नाही ते जपावे, असे कोणालाही वाटणार नाही. चित्रे बदलत ठेवण्याची पद्धत हा या दोन हक्कांमधील समझोता आहे.

या समझोत्यास अलीकडे तंत्रज्ञानाचे साहाय्य मिळाले आहे. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजेच सी-डॅकने विकसित केलेल्या ‘जतन’ या संगणकप्रणालीच्या आधारे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासह देशातील प्रमुख संग्रहालयांच्या वस्तूंची चित्रमय नोंद ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर उपलब्ध होत गेली. विश्रांतीस गेलेले चित्र तेथे पाहता येते आणि अभ्यासकालाही मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाही. अर्थात पडद्यावरील प्रतिमेत हातकागदाचा पोत, रंगाचा थर आणि चित्राचा खरा आकार उतरत नाही.

त्यामुळे एखाद्या विशिष्ट चित्रासाठी दूरचा प्रवास करणाऱ्यांनी ते सध्या प्रदर्शित आहे किंवा नाही, याची संग्रहालयाकडे आधी चौकशी करणे हिताचे ठरते. दालनात गेल्यावर चित्राखालील पट्टीवर नजर टाकली, तरी बरेच उलगडते. कलावंताचे नाव व वर्ष यांच्यापाठोपाठ लिहिलेले माध्यम वाचले, की पुढील भेटीत कोणते चित्र भेटण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज येतो. कॅनव्हासवरील तैलरंग असतील, तर ते चित्र बहुधा पुन्हा भेटेल. कागदावरील जलरंग किंवा टेंपेरा असेल, तर त्यासमोर काही क्षण अधिक थांबावे. हरिपुराच्या वाटेवरून जाणाऱ्या शेतकऱ्यालाही ती चित्रे थोडेच दिवस पाहावयास मिळाली होती. आजच्या प्रेक्षकालाही ती थोड्याच काळासाठी मिळतात, मात्र या वेळी ती पुन्हा भिंतीवर येतील, याची तजवीज केलेली असते.